बोरमाळेचा आवाज

मुरुम,
२८ ऑक्टोबर २०२५

चि. शिवप्रिया हिस अनेक आशीर्वाद.

ठण्ण... ठण्ण... ठण्ण... आणि मग घाईनं ठण्ण-ठण्ण-ठण्ण.

आज पहाटे या आवाजानं जाग आली. इथं मुरुमला घराजवळ शाळा नाही. माझ्या कानांचं तर तुला ठाऊकच आहे, कुकरच्या शिट्ट्या झाल्या की शेजारीण येऊन गॅस बंद करते. तरीही ऐकलं. आमच्या जुन्या गावच्या शाळेपुढं लिंबाला रुळाचा हातभर तुकडा टांगलेला होता आणि तो बडवायचा मान माझ्या वर्गातल्या बलभीमचा. बलभीमला कविता पाठ होत नसे. गुरुजी म्हणायचे, "तुझ्या डोक्यात कडबा भरलाय." पण घंटा त्यानंच द्यावी! पहिले तीन ठोके सावकाश, जेवायला हाक मारावी तसे, आणि पुढचे तीन उशिरा येणाऱ्यांना दटावणारे. आयुष्यातली पहिली कविता मी त्याच्या घंटेवर केली:

वाज रे रुळा, वाज रे वाज,
कुलूप उघड शाळेचं आज.

सोळा-सोळा मात्रा आहेत, मोजून बघ. त्याला म्हणून दाखवली तर म्हणाला, "लई भारी, पर ह्यात माजं नाव कुठंय?"

असो. म्हातारा आठवणीत शिरला की बाहेर यायला वेळ लागतो. काम असं की, यंदाच्या पावसानं जुन्या गावठाणावरची माती धुऊन नेली. परवा एसटीनं जाऊन आलो. भूकंपाला बत्तीस वर्षं झाली. इतके दिवस तिथं नुसता दगडमातीचा ढीग आणि वेड्या बाभळी. आता आमच्या घराचा उंबरा उघडा पडलाय. मी त्याच्यावर तासभर बसलो.

तुझ्या कॉलेजात जमिनीखालचा धातू ओळखणारं यंत्र आहे असं तुझी आई म्हणाली. तुझ्या गौरामामीची बोरमाळ त्या ढिगात राहिली आहे. ती शोधायची आहे. सापडली तर तुझ्या गळ्यात घालीन. दुसरं काही कारण नाही.

फोन करू नकोस, मला ऐकू येत नाही. पत्र लिही, आणि मागच्यासारखं घाईत लिहिलंस तर लाल शाईनं तपासून परत पाठवीन.

तुझा,
महालिंगप्पामामा


सोलापूर,
५ नोव्हेंबर २०२५

ती. मामांस सा. नमस्कार.

लाल शाईच्या धाकानं हे पत्र दोनदा लिहिलंय. सगळ्या कॉलेजात पोस्टाची तिकिटं माझ्या एकटीच्या ड्रॉवरमध्ये सापडतात, मुलं हसतात.

यंत्र आहे. मुलांच्या प्रोजेक्टसाठी घेतलं होतं, दोन दिवसांसाठी मागून घेतलंय. एक लांब दांडा, खाली ताटलीसारखी चकती, वर आकडे दिसायची पट्टी आणि कानाला लावायला हेडफोन. चकतीखाली धातू आला की वाजतं. लोखंडाला आकडा लहान आणि आवाज जाड, चांदीला आकडा मोठा आणि आवाज बारीक. बाकी सगळे धातू मधे कुठंतरी.

आता अडचण ऐका. पडक्या जागेत सोन्याचा मणी एक आणि खिळे, पत्रे, बुचं, गुटख्याच्या चकाकत्या पुड्या हजार. प्रत्येक आवाजाला उकरत बसलो तर तुमची नव्वदी तिथंच साजरी करावी लागेल. म्हणून यंत्रात एक सोय असते, डिस्क्रिमिनेशन म्हणतात. पिठाच्या चाळणीसारखी समजा. आपण आकडा ठरवून द्यायचा, त्याच्या खालचं जे येईल त्याला यंत्र वाजतच नाही. कचरा गप्प, सोनं बोलणार. मी माझ्या लग्नातली अंगठी चकतीखाली धरून आकडा बघितला आणि तिथंच चाळणी लावली.

रविवारी ९ तारखेला येते. ग्रामपंचायतीकडून खणायची परवानगी लेखी घेऊन ठेवा, उगाच कुणी म्हणायला नको की मास्तर गुप्तधन काढतोय.

मामी मला पुसटशी आठवते. तिच्या मांडीवर बसून मी ते मणी चावायची म्हणे.

तुमची,
शिवप्रिया


मुरुम,
१२ नोव्हेंबर २०२५

चि. शिवप्रियेस आशीर्वाद.

रविवारी तू फार कष्ट घेतलेस. उन्हात डोक्यावर ओढणी बांधून तू चकती फिरवत होतीस तेव्हा गौरा अंगण सारवतेय असं वाटत होतं. तू हेडफोन माझ्या कानांना लावलास आणि कितीतरी वर्षांनी कानात काहीतरी स्वच्छ वाजलं. पितळी पळी निघाली, तांब्याचं बूड निघालं, दोन जुनी नाणी. पळी मी घासून देवळीत ठेवली आहे.

माळ निघाली नाही. गाडीत बसताना तुझे डोळे भरले होते. मला वाईट वाटू नये म्हणून तू पुन्हा पुन्हा "सॉरी मामा" म्हणत होतीस. पोरी, मला वाईट वाटलं नाही. त्या संध्याकाळी मी पोटभर आमटी-भात जेवलो. बत्तीस वर्षांत असा जेवलो नव्हतो.

तू गोंधळशील, म्हणून आता खरं लिहितो. मी तुला अर्धंच सांगितलं होतं.

भूकंप झाला त्याच्या आदल्या दिवशी मी शाळेच्या कामानं तुळजापूरला होतो. गावात पोचलो तेव्हा दुपार झाली होती. आमच्या घराच्या जागी ढीग, आणि बाजूला लिंबाखाली गौराला चादरीवर ठेवलेलं. जवळ बलभीम बसला होता. होय, तोच घंटेवाला. त्यानं तिला एकट्यानं, हातांनी उकरून बाहेर काढलं होतं. त्याच्या बोटांना नखं उरली नव्हती.

गौराच्या गळ्यात बोरमाळ नव्हती. ती माळ आमच्या अव्वानं सुनेला लग्नात घातली होती. गौरा ती झोपतानाही काढत नसे. मी उभा राहिलो आणि पहिलं वाक्य बोललो ते हे: "बळ्या, माळ कुठाय?"

त्यानं चादरीचं टोक सारखं केलं. मग म्हणाला, "मास्तर, म्या गळ्याकडं बघितलं न्हाय."

एवढंच. मी त्याला चोर म्हटलं नाही, फक्त विचारलं. पण मास्तरनं चारचौघांत विचारलं, आणि मग पत्र्याच्या शेडमध्ये तेच बोलणं सुरू झालं. पाण्याच्या टँकरपाशी बलभीमच्या बायकोला, मथुराबाईला, बाया मुद्दाम विचारायच्या, "काय मथुरा, गळा झाकून का ग?" दिवाळीच्या आत तो बायको आणि पोरगी घेऊन गाव सोडून गेला. मी त्या बायांना गप्प केलं नाही.

तेव्हापासून एकच घोर होता: माळ ढिगातच असली तर? म्हणून तुला बोलावलं. आता यंत्रानं निकाल दिला. उंबऱ्याजवळ तर तू चकती दोनदा फिरवलीस. काही वाजलं नाही. म्हणजे माळ तिथं नव्हतीच. म्हणजे ती कुणीतरी नेली. म्हणजे मी विचारलं ते गैर नव्हतं.

आता मी सुटलो. तुझे उपकार.

मामा


सोलापूर,
१७ नोव्हेंबर २०२५

ती. मामांस नमस्कार.

हे पत्र बसून वाचा.

तुमचं पत्र आलं तेव्हा आई माझ्याकडंच होती. तिला काही सांगितलं नाही, फक्त तिची बोरमाळ मागून घेतली. तुमच्या अव्वानं एकाच सोनाराकडून दोन सारख्या माळा करून घेतल्या होत्या, एक सुनेला आणि एक लेकीला, हे आईच सांगते. ती माळ मी प्रयोगशाळेत नेली. रविवारी लावली होती तीच चाळणी ठेवली आणि माळ चकतीखाली धरली.

मामा, यंत्र वाजलं नाही.

जमिनीत नव्हे, माझ्या हातात, चार बोटांवर. अख्खी माळ समोर, आणि यंत्र ढिम्म. मग चाळणी काढून शून्यावर आणली. तेव्हा वाजलं, पण कसं? जाडाभरडा, फाटका आवाज. मुलांकडून गुटख्याची एक रिकामी चकाकती पुडी घेतली आणि तीही धरली. तोच आवाज, एका आकड्याचा फरक. डोळे मिटून ऐकलं तर कुठली माळ आणि कुठली पुडी, मलासुद्धा सांगता येईना.

घरी येऊन आईला विचारलं. ती म्हणाली, "अगं येडे, बोरमाळेत सोनं किती असतंय? वरचं साल तेवढं. आत सगळी लाखच." तिच्या वयाच्या प्रत्येक बाईला हे ठाऊक आहे. माझी अंगठी भरीव. मी भरीव सोन्याच्या आकड्यावर चाळणी लावून पोकळ मणी शोधत होते. यंत्रानं निकाल दिला नाही, मामा. मी त्याचं तोंड बांधलं होतं.

तेव्हा माळ तिथं नव्हती असं आपल्याला म्हणता येत नाही. चोरीला गेली असंही म्हणता येत नाही. पुन्हा जायला हवं. चाळणी न लावता, वाजेल ते सगळं उकरायचं, पुड्या असोत नाहीतर बुचं.

एक विचारू? मामी ढिगातून काढली तेव्हाच गेलेली होती का?

शिवप्रिया


मुरुम,
२४ नोव्हेंबर २०२५

शिवप्रिये,

येऊ नकोस. यंत्र परत देऊन टाक. पावसाळ्यात माती वाहून गेली, त्यात काय काय गेलं असेल. आता मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. मला भीती वाटते, हे शिकवलेल्या पोरांना कधी सांगितलं नाही, तुला सांगतो.

नाही, ती लगेच गेली नव्हती. बाहेर काढल्यावर दोन तास जिवंत होती. बलभीमच्या मांडीवर डोकं होतं. हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं, कारण मी त्याला माळेबद्दल विचारलं, तिच्याबद्दल विचारलंच नाही. गाव सोडल्यावर तीन-चार महिन्यांनी त्याचं एक कार्ड आलं. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. "वहिनींनी जाताना तुमच्यासाठी एक सांगितलंय. कार्डात लिहायचं नाही. येऊन जावा." खाली कऱ्हाडकडच्या कुठल्याशा साखर कारखान्याच्या वस्तीचा पत्ता.

मी गेलो नाही. वाटलं, बळ्या आता माझी मनधरणी करतोय, म्हणजे नक्कीच त्यानं नेली. इतका हुशार मी.

येऊ नकोस.

मामा


सोलापूर,
८ डिसेंबर २०२५

ती. मामांस नमस्कार.

तुम्ही नको म्हणालात, तरी काल गेले. सोबत आई होती. तिला आता सगळं सांगितलं आहे. ती म्हणाली, "दादाला भ्या वाटत असंल तर आपण जाऊ. माझी वैनी होती ती."

सकाळी आठला सुरुवात केली. चाळणी शून्यावर, म्हणजे यंत्र एकसारखं किंचाळतं. पावलापावलाला वाजतं आणि दर वेळी गुडघे टेकून खुरप्यानं उकरायचं. खिळे. कौलाची तार. औषधाच्या गोळ्यांचं पाकीट. पुड्या, पुड्या, पुड्या; गुरं राखणारे तिथं बसून बत्तीस वर्षं गुटखा खात असावेत. दुपारपर्यंत आईनं घमेलं दोनदा भरून बाजूला ओतलं. माझ्या तळहाताला फोड आले. तेव्हा मला बलभीमकाकांची नखं आठवली आणि मी तक्रार करायची बंद केली.

चारच्या सुमाराला उंबऱ्याच्या आत दोन हातांवर पुन्हा तोच फाटका आवाज. मी म्हटलं, "आणि एक पुडी." आई म्हणाली, "असू दे, उकर." वीतभर खाली माती काढली तर बोराच्या बीसारखं काहीतरी चेपलेलं. आईनं पदरानं पुसलं आणि खाली बसली ती उठेचना. मग आणखी मणी. सगळे मिळून एकवीस. दोरा कुजून गेलेला. काही चेपलेले, काहींतली लाख डोकावतेय. पण रंग तसाच, मामा. सोन्याला काही होत नाही म्हणतात ते खरं.

तुमची झोपायची जागा आतल्या भिंतीशी होती असं तुम्ही दाखवलं होतं. मणी तिथं नव्हते. तिथून दाराकडं यायच्या वाटेवर होते. म्हणजे ओढून बाहेर आणताना दोरा तुटला. बलभीमकाका खरंच गळ्याकडं बघत नव्हते.

मागच्या वेळच्या त्या दोन्ही फेऱ्या मी याच जागेवर मारल्या होत्या.

मणी माझ्याकडं आहेत, रुमालात. कुरिअरनं पाठवायला मन होत नाही, संक्रांतीच्या आधी आणून देते. बलभीमकाकांचा पत्ता तुमच्याकडं आहे ना? मग लिहा.

शिवप्रिया


मुरुम,
१५ डिसेंबर २०२५

श्री. बलभीम यास,

महालिंगप्पाचा नमस्कार.

हा पत्ता बत्तीस वर्षांपूर्वीचा आहे. पोस्टमनला तू ठाऊक असलास तर हे पोचेल.

माळ सापडली. आमच्याच घरात, उंबऱ्याच्या आत, तू जिथून तिला ओढून आणलंस त्या वाटेवर. तू खरं बोलला होतास. हे मी भूकंपानंतर वसलेल्या नव्या गावात मारुतीच्या पारावर बसून मोठ्यांदा सांगणार आहे. त्या वेळचे जे कुणी उरलेत त्यांना नावं घेऊन बोलावणार आहे. पण ते त्यांच्यासाठी. तुझ्यासाठी काय करू, मला सुचत नाही. आयुष्यभर पोरांना पत्रलेखन शिकवलं, आणि या पत्रात काय लिहावं ते मला येत नाही.

तू माझ्या बायकोला हातांनी उकरून काढलंस आणि मी तुला सोन्याचा हिशेब मागितला. माफी मागायला तोंड नाही, तरी मागतो.

घंटेच्या कवितेत तुझं नाव नाही म्हणून तू रुसला होतास. ते मात्र दुरुस्त केलंय. आठवते ना चाल?

बलभीम वाजवी रे घंटा,
संपे झोप नि संपे तंटा.

तू ये म्हटलंस तर मी येईन. गौरा काय म्हणाली ते मात्र विचारत नाही. तो हक्क माझा राहिलेला नाही.

महालिंगप्पा


२९ डिसेंबर २०२५

महालिंगप्पा मास्तर,

मी बलभीम यांची मुलगी दीपमाला. आम्ही गाव सोडलं तेव्हा मी सहा वर्षांची होते.

वडील दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांची बोटं शेवटपर्यंत वाकडी होती. कोयता नीट धरता यायचा नाही, म्हणून कारखान्यात त्यांना कधी नीट काम मिळालं नाही. तुमचं नाव निघालं की ते उठून बाहेर जायचे. वाईट कधी बोलले नाहीत. बोलले असते तर आम्हाला बरं वाटलं असतं.

माळ सापडली हे तुम्हाला आता कळलं. आम्हाला आधीपासून माहीत होतं की ती आमच्याकडं नाही.

आईला वाचता येत नाही. तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलेलं नाही, दाखवणारही नाही. तिचं वय झालंय. पुन्हा लिहू नका.

दीपमाला


मुरुम,
११ जानेवारी २०२६

चि. शिवप्रियेस आशीर्वाद.

सोबत दीपमालाचं पत्र पाठवतो आहे. त्यात दोन ठिकाणी खाडाखोड आहे, पण लाल शाई हातात घेववली नाही.

तू परवा मणी देऊन गेलीस तेव्हा मी तुला हे पत्र दाखवलं नाही. तू इतक्या उमेदीनं नवा रेशमी दोरा आणला होतास. तू गेल्यावर मणी टेबलावर मांडून बसलो. चेपलेले एकीकडं, बरे एकीकडं. मग लक्षात आलं, हेच करत आलो जन्मभर. वर्गात हुशार पोरं पुढच्या बाकावर, बलभीमसारखी मागच्या. सगळे मणी पुन्हा एकत्र केले आणि मनात येईल तसे ओवले.

गेल्या आठवड्यात नव्या गावात जाऊन आलो. पारावर बसलो, सांगितलं. ऐकायला सहा-सात म्हातारे होते. एक म्हणाला, "मास्तर, म्हाईतच होतं की समद्यास्नी. बळ्या कशाला नेतोय?" मी विचारलं, "मग तेव्हा बोलला का नाहीत?" तर म्हणाला, "तुमी शिकलेले. तुमी इचारलं म्हंजे कायतरी असंल म्हटलं." घरी येईपर्यंत ते वाक्य एसटीत माझ्या शेजारी बसून होतं.

माळ तू घे म्हणालो होतो, पण ती आता तुला देता येत नाही, समजून घे. दीपमालाला पाठवली तर ती परत पाठवील. गौरा काय म्हणाली असेल, याचा विचार करतो. बारीकसं काही असेल. कुठं चावी ठेवलीय, कुणाचं दूध द्यायचं राहिलंय. तिचं बोलणं तसंच असायचं, मी मात्रा मोजत बसायचो आणि ती मीठ संपलं म्हणून सांगायची. आता ते ठाऊक असलेलं माणूसच राहिलं नाही. जे विचारायचं होतं ते

मधेच थांबलो होतो. आता घाईत चार ओळी लिहितो, अक्षर वाईट आलंय.

दाराची कडी वाजली. मला ऐकू आली नाही, शेजारीण आत येऊन म्हणाली, "मास्तर, कोण म्हातारी आलीया बघा, मगाधरनं कडी वाजवतीया." दारात एक बाई, हातात कापडी पिशवी, पायांवर धूळ. मी चष्मा लावला तरी ओळख पटेना. तीच म्हणाली, "मथुरा मी."

एकटी आली आहे. सोलापूरपर्यंत एक गाडी, तिथून दुसरी, स्टँडवर मास्तरचं घर विचारत आली. म्हणाली, "पत्र पोस्टमननं माज्याच हातात दिलंतं. पोरीनं वाचलं आन् डब्यात टाकलं, काय सांगंना. म्या शेजारच्या सूनबाईकडनं वाचून घेतलं. पोरीला सांगून आले न्हाय."

मी तिला घरात घेतलं, पाणी दिलं. मग माळ उचलली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरली. तिनं हात लावला नाही. मण्यांकडं बघितलंसुद्धा नाही. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली,

"माळंचं ऱ्हाऊ द्या, मास्तर. माळंचं तुमी त्या दिशी इचारलंतच की. ह्यांनी मला समदं सांगून ठिवलंय. आता दुसरं इचारायचं ऱ्हायलंय तेवडं इचारा."

पाट टाकलाय, ती बसली आहे. चहाला आधण ठेवलंय.

मी अजून विचारलेलं नाही. तोंडात शब्द जुळवतो आहे. आता लेखणी ठेवतो.

मामा